भूतानला जायचंय, पण कुणाबरोबर?

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय ६२. चार वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. यजमानांना भूतानची फार ओढ होती. टायगर्स नेस्ट मठाचा वर्तमानपत्रातला फोटो कापून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. दोघांनी जायचं राहूनच गेलं. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. येत्या ऑक्टोबरात मी आणि शाळेतलीच एक मैत्रीण जायचं म्हणतोय. समोर दोन पर्याय आहेत. एक मोठ्या कंपनीची ४० जणांची सहल : बागडोगऱ्याहून बसने, सहा रात्री, मराठी टूर मॅनेजर, सोबत आचारी. दुसरी एका तरुण आयोजकाची १० जणांची सहल : विमानाने थेट पारो, आठ रात्री, भूतानी घरात मुक्काम, 'गर्दीपासून दूर'. ही बरीच महाग आहे आणि त्यात 'एसडीएफ वेगळा' असं लिहिलंय. मुलगा म्हणतो, मोठी कंपनीच बरी, तिकडे ऑक्सिजन कमी असतो, काही झालं तर कोण बघणार? मैत्रीण म्हणते, ४० जणांत मेंढरांसारखं फिरायचं वय गेलं. मला गुडघ्याचा त्रास आहे, पण तो मठ बघायचाच आहे. दहा जणांत बाकी सगळी तरुण मुलं निघाली तर आपण त्यांच्या गळ्यात पडल्यासारखं होईल, ही भीतीही वाटते. दोन्ही कार्यक्रम सोबत जोडले आहेत. काय करू?

उत्तर :

ताई, तुम्ही पाठवलेले दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिल घेऊन आधी रात्री मोजल्या. मोठ्या सहलीत सीमेवरच्या फुंटशोलिंगला एक, थिंफूला दोन, पुनाखाला एक आणि पारोला दोन. म्हणजे सहा रात्रींत चार हॉटेलं. लहान सहलीत पारो एक, 'हा' नावाच्या खोऱ्यात एक, थिंफू एक, फोबजिखा एक, बुमथांग दोन, पुनाखा एक आणि पुन्हा पारो एक. आठ रात्री आणि सात वेळा बॅग भरायची. बुमथांग सोडलं तर कुठेच सलग दोन रात्री नाहीत.

माझं मत आधीच सांगते. लहान ग्रुपच घ्या, पण हा कार्यक्रम आहे तसा घेऊ नका.

लहान ग्रुप का, ते तुमच्या मैत्रिणीनं तिच्या शब्दांत सांगितलंच आहे. मी भूतानपुरतं सांगते, कारण त्या देशाची बांधणीच तशी आहे. मठांमधली देवघरं लहान असतात, काळोखी असतात, आत लोण्याचे दिवे तेवत असतात. गाइड हळू आवाजात बोलतो, कारण शेजारी कुणीतरी प्रार्थना करत असतं. दहा माणसं त्या खोलीत भिंतीला टेकून बसू शकतात आणि चित्रातला कोण कुठला बुद्ध, तो कुणाच्या डाव्या हाताला का बसलाय, हे ऐकू शकतात. चाळीस जणांचे गट पाडावे लागतात. एक आत, एक बाहेर, आणि बाहेरचा गट घड्याळ बघत उभा. स्वच्छतागृहाची एक थांबणी चाळीस जणांना अर्ध्या तासाला पडते. डोंगरातल्या रस्त्यावर दिवसातून अशा चार थांबण्या होतात, हे तुम्ही शाळेच्या सहली काढल्या असतील तर मी सांगायला नको.

पण दहा जणांच्या सहलीचा खरा फायदा एकच : वाटेत थांबता येतं. दोचू ला खिंडीत ढग असतील तर चहा घेऊन अर्धा तास वाट बघता येते. ३,१०० मीटरवर आहे ती खिंड, १०८ छोटे स्तूप आहेत तिथे, आणि ऑक्टोबरात ढग बाजूला झाले की समोर हिमालयाची रांग उभी राहते. रस्त्याकडेला लाल तांदळाची कापणी चालू असेल तर उतरून बघता येतं. हे सगळं करायला दिवसात मोकळी जागा हवी, आणि तुमच्या त्या तरुण आयोजकानं ती सगळी ठिकाणांनी भरून टाकली आहे. मला त्याचा राग येत नाही. त्याला देश आवडलेला दिसतो, आणि आपल्याला आवडलेलं सगळं दाखवायचा मोह त्याला आवरत नाहीये. पण थिंफूहून फोबजिखाला जाण्यात अर्धा दिवस जातो, फोबजिखाहून बुमथांगला जाण्यात तो दिवस संपतो, आणि बुमथांगहून पुनाखाला परत येताना सात-आठ तास. सगळा घाटरस्ता. गुडघे दुमडून आठ तास बसल्यावर संध्याकाळी पुनाख्याच्या झोंगच्या, म्हणजे किल्लेवजा मठाच्या, उभ्या पायऱ्या चढायच्या. कागदावर हे कळत नाही, कारण नकाशावर भूतान लहान दिसतो.

म्हणून कुठल्याही डोंगराळ देशाची सहल निवडताना मी ठिकाणांच्या यादीकडे शेवटी बघते. आधी रात्री, मग दर दिवशी गाडीत किती तास. किलोमीटर विचारू नका, तासच विचारा. पारो ते थिंफू ५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि तासा-सव्वातासात होतं. थिंफू ते पुनाखा साधारण ७५ किलोमीटर, पण मध्ये खिंड आहे, अडीच तास धरा. फुंटशोलिंग ते थिंफू दीडशे किलोमीटर आणि पाच तास. 'आज प्रवासाचा दिवस' असं ज्यात दोनदा लिहिलंय तो कार्यक्रम तुमच्यासाठी नाही.

आता टायगर्स नेस्ट. तुमच्या सगळ्या प्रवासाचा गाभा हाच आहे, तर त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पारो टाकसांग हे त्याचं तिकडचं नाव. गुरू पद्मसंभव आठव्या शतकात वाघिणीवर बसून तिथे आले आणि त्यांनी त्या गुहेत ध्यान केलं, अशी श्रद्धा आहे. गुहेभोवतीचा मठ १६९२ सालचा. १९९८ मध्ये आगीत तो जवळजवळ संपला होता, नंतर पुन्हा होता तसा उभा केला. मठ ३,१२० मीटरवर आहे आणि पायवाट सुरू होते ती सुमारे २,६०० मीटरवरून. म्हणजे चढाई पाचशे मीटरच्या थोडी वर. आतकरवाडीकडून सिंहगड पायी चढलात तर साधारण तेवढीच होते. फरक असा की तुम्ही सुरुवातच करता ती कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंचावरून. दम लवकर लागतो. निम्म्या वाटेवर एक कॅफेटेरिया आहे, तिथून मठ समोर दिसतो. तिथपर्यंत घोडा मिळतो. उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत, म्हणजे उतार पायीच. आणि शेवटचा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो : मठाच्या समोरच्या कड्यावर पोचल्यावर शेकडो पायऱ्या खाली उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि मग मठाकडे पुन्हा चढायचं. येताना त्याच पायऱ्या वर. गुडघ्याचा कस तिथे लागतो. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा, तुमच्यासाठी मी सात धरीन.

तुमच्या लहान सहलीत हा दिवस कधी ठेवलाय ते बघितलंत? दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशी विमानातून उतरलेल्या माणसाला. आणि त्याच दिवशी दुपारी चेले ला ही खिंड ओलांडून 'हा' खोऱ्यात मुक्काम. चेले ला ३,९८८ मीटरवर आहे. पाय भरून आलेले, जेवण उशिरा झालेलं, आणि त्याच अंगानं चार हजार मीटर. पंचविशीतल्या मुलाला हे जमेल. तुमच्यासाठी, आणि तुमच्याच काय, चाळिशीच्या पुढच्या कुणासाठीही हा दिवस चुकीचा रचलाय.

टाकसांग सहलीच्या शेवटी हवं. पारोला उतरल्यावर सरळ थिंफूला जावं, तिथे दोन रात्री. मग पुनाखाला दोन रात्री. पुनाखा १,२५० मीटरच्या आसपास आहे, हवा उबदार, झोप छान लागते. तिथला झोंग १६३७ साली भूतानला एकत्र आणणारे धर्मगुरू शब्द्रुंग नगवांग नामग्याल यांनी बांधला, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर. एक सबंध सकाळ तिथे काढायला हरकत नाही. मग पारोला तीन रात्री. त्यातला पहिला दिवस हलका, दुसरा टाकसांगचा, तिसऱ्या दिवशी विश्रांती. सात रात्री, तीन हॉटेलं. एवढ्यानं भूतान 'पूर्ण' होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. फोबजिखाच्या दरीत काळ्या मानेचे क्रौंच उतरतात ते खूप सुंदर असतं हे खरं, पण ते तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात येतात. तुम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर दरी दिसेल, पक्षी बहुतेक नाहीत. मग त्या एका रात्रीसाठी एवढी धावपळ कशाला?

मुलाच्या ऑक्सिजनच्या काळजीबद्दल. तो लेह मनात धरून बोलतोय असं वाटतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि माणूस तिथे विमानानं थेट उतरतो, रात्रीही तिथेच झोपतो. भूतानमध्ये तुम्ही झोपाल ती ठिकाणं बरीच खाली आहेत : पारो २,२००, थिंफू सुमारे २,३००. उंचीचा त्रास माणूस कुठे झोपतो यावर फार अवलंबून असतो. खिंडीत अर्धा तास उतरून फोटो काढून पुढे जाणं वेगळं. तरी रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं काही असेल तर निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांना गाठा आणि त्यांच्यासमोर उंचीचे हे आकडे ठेवा. गोळी घ्यायची का, हे त्यांनीच ठरवावं. उंचीसाठी देतात त्या गोळीचं सल्फा औषधांशी नातं आहे, तेव्हा सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. गुडघ्याचं मात्र आतापासूनच बघा. जोतिबाच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा, चढताना नेहमीसारख्या आणि उतरताना काठी घेऊन, सावकाश. दोन काठ्या घ्या आणि त्या वापरायची सवय इथेच करा.

'काही झालं तर कोण बघणार' या त्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर हवं. ते कंपनी मोठी की लहान यावरून मिळत नाही. आयोजकाला सरळ विचारा : टाकसांगच्या दिवशी माझा गुडघा निम्म्यात दुखायला लागला तर माझ्याबरोबर खाली कोण येईल? मोठ्या सहलीत चाळीस जणांमागे टूर मॅनेजर एक आणि गाइड एक-दोन असतात. कुणी मागे राहिलं तर त्याला कॅफेटेरियात बसवून ठेवतात. तिथे बसण्यात काही वाईट नाही, पण ठरवणारा तुमच्याऐवजी दुसराच कुणीतरी असतो. दहा जणांच्या सहलीत आयोजक स्वतः आणि भूतानी गाइड असे दोघे असतील तर एक पुढे, एक मागे राहू शकतो. एकटा गाइडच असेल आणि आयोजक कोल्हापूर-पुण्यात बसून फोनवर 'मॅनेज' करणार असेल, तर लहान ग्रुपचा हा फायदा गेला. विमा घ्या, आणि त्यात आधीपासूनच्या आजारांचं काय, गंभीर रुग्णाला भारतात हलवायचा खर्च आहे का, हे वाचून घ्या. तिथलं मोठं इस्पितळ थिंफूला आहे, आणि अवघड उपचारांसाठी भूतानी माणसांनाही भारतात पाठवतात.

आता तुमची भीती, दहा जणांत आपण परके पडण्याची. ती मी हलक्यात घेणार नाही, कारण माझ्या बाबतीत हे झालंय. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका नऊ जणांच्या सहलीला गेले होते. आयोजकानं 'समविचारी लोक' एवढंच सांगितलं होतं. विमानतळावर कळलं की त्यातले पाच जण एकाच घरातले. सासू-सासरे, मुलगा-सून, आत्या. माणसं प्रेमळ होती. पण कुठे जेवायचं, कधी निघायचं, सगळं त्यांच्यात ठरायचं आणि आम्ही चौघं मान हलवायचो. आठ दिवस आम्ही दुसऱ्यांच्या घरच्या कार्याला आलेल्या पाहुण्यांसारखे वागलो. चाळीस जणांत हे जाणवलं नसतं, तिथे आपल्यासारखे चार जण सापडतातच. दहा जणांत निवड आधीच झालेली असते.

तेव्हा नोंदणीआधी विचारा. आतापर्यंत कोण कोण आलंय? नावं नकोत. वयं किती, एकटे किती, जोड्या किती, एका घरातले कुणी आहेत का? शाकाहारी किती? रात्री दहापर्यंत शेकोटीभोवती बसणारे की नऊला झोपणारे? हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगला आयोजक याची उत्तरं आनंदानं देतो, कारण त्यालाही जुळणारी माणसं हवी असतात. 'काळजी करू नका काकू, सगळे मस्त मिक्स होतात' असं कुणी म्हणालं तर समजा की त्याला माहीत नाही. आणि निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी सगळ्या दहा जणांचा एक व्हिडिओ कॉल मागा. अर्ध्या तासात माणसं कळतात. तुम्ही तर अख्खी हयात वर्गात नवीन चेहरे ओळखण्यात घालवली आहे.

तरुण मुलं असली तर? खरं सांगायचं तर वयापेक्षा वेगाचा प्रश्न मोठा आहे. एखादी तीस वर्षांची चित्रकार मुलगी तुमच्याबरोबर झोंगच्या अंगणात दोन तास बसेल, आणि साठीचा एखादा उत्साही गृहस्थ सगळ्यांना पळवत सुटेल. त्यामुळे वयाची चौकशी करा, पण दिवसाचा वेगही विचारा. सकाळी किती वाजता निघायचं, दुपारचं जेवण किती वाजता, संध्याकाळी हॉटेलवर किती वाजता.

भूतानी घरातला मुक्काम मला तुमच्यासाठी हवाच आहे, पण एक रात्र आणि चौकशी करून. जुन्या घरांत वरच्या मजल्यावर जायला जिना म्हणजे जवळजवळ शिडी असते, उभी, अरुंद पायऱ्यांची. अंथरूण बऱ्याचदा जमिनीवर. तळमजल्यावर खोली आहे का, पलंग आहे का, कमोड खोलीला लागून आहे का, हे विचारून घ्या. तिथे लाकडी हौदात तापलेले दगड टाकून पाणी गरम करतात आणि त्यात वनस्पतींची पानं घालतात. टाकसांगहून आल्यावर त्या स्नानासारखं दुसरं सुख नाही, म्हणून शक्य असेल तर ही रात्र पारोलाच, आणि टाकसांगनंतरची मागा. जेवणात हिरव्या मिरच्याच भाजी म्हणून चीजमध्ये शिजवतात, त्याला एमा दात्शी म्हणतात. कोल्हापूरच्या जिभेला त्याचं तिखट झेपेल, चीजचा वास दोन दिवस नवा वाटेल. बटाट्याची केवा दात्शी, मशरूमची शामू दात्शी, पालेभाजी, डाळ, लाल भात असं शाकाहारी जेवण सहज मिळतं, तेव्हा आचाऱ्यावाचून अडणार नाही. मोठ्या कंपनीच्या आचाऱ्याला मी नावं ठेवत नाही. माझी आई वयाच्या ७५ व्या वर्षी परदेशी गेली ती त्या वरणभाताच्या भरवशावरच. पण तुम्हाला त्याची गरज आहे का, हे तुमचं तुम्हीच बघा.

पैशांचं थोडक्यात. 'एसडीएफ वेगळा' म्हणजे सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी, भूतान सरकार पर्यटकांकडून दर रात्रीसाठी घेतं ती. भारतीयांना माणशी १,२०० रुपये रोज. आठ रात्रींचे ९,६०० रुपये झाले, दोघींचे १९,२०० रुपये. मोठ्या कंपनीच्या किमतीत हा धरलाय का, ते त्यांच्या कागदावर मला दिसलं नाही, तेव्हा विचारा, मगच दोन किमतींची तुलना करा. मठांची प्रवेशशुल्कं, घोडा, टिप हे आत की बाहेर? मैत्रिणीला ऐनवेळी जमलं नाही तर तुम्हाला एकटीच्या खोलीचे जादा किती पडतील? दहा जण जमले नाहीत तर सहल रद्द होणार, दुसऱ्या ग्रुपमध्ये मिसळणार, की सहा जणांतही निघणार? रद्द झाली तर पैसे किती दिवसांत परत? ही चार उत्तरं लेखी हवीत, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. पैसे फर्मच्या बँक खात्यात भरा, व्यक्तीच्या खात्यात नको, आणि जीएसटीची पावती घ्या. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे आयोजकानं आधीच गोळा करायचा प्राप्तिकर, घेतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून परत मागता येतो, हे पेन्शनवर असलेल्या बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही.

कागदपत्रांत मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो. आधार तिथे चालत नाही. मतदार कार्डावरचं नाव आणि विमानाच्या तिकिटावरचं नाव एकच हवं. माहेरचं-सासरचं नाव असा घोळ असेल तर तो जुलैतच निस्तरा. पारोला विमानं दिवसा आणि डोळ्यांना दरी दिसत असेल तेव्हाच उतरतात, म्हणून परतीच्या दिवशी दिल्ली-कोलकात्याहून पुढचं विमान लगेचचं ठेवू नका. मध्ये एक रात्र हवी.

तर आता करायचं काय? त्या तरुण आयोजकाला फोन करा. म्हणा, मला तुमची सहल आवडली, पण टाकसांग शेवटी न्या आणि बुमथांग गाळून कुठेतरी दोन-दोन रात्री द्या. त्याचं उत्तर नीट ऐका. 'बाकीच्यांना विचारतो, दोन दिवसांत सांगतो' म्हणाला तर हा माणूस ऐकून घेणारा आहे, डोंगरात त्याच्याबरोबर जाता येईल. 'कार्यक्रम फिक्स आहे' म्हणाला तर त्याचाही मान ठेवा, तो त्याच्या जागी बरोबर असेल, आणि तुम्ही दुसरीकडे बघा.

दुसरीकडे म्हणजे मोठ्या सहलीकडेच असं नाही. तिसरी वाट आहे, आणि मला ती मनापासून आवडते. तुमच्या शाळेतल्या आणखी दोघी-तिघी तयार करा. चौघी-पाच जणी म्हणजे एक गाडी, एक चालक, एक परवानाधारक भूतानी गाइड. अशी आपली-आपली सहल तिकडचे टूर ऑपरेटर करून देतात, आणि इथले लहान आयोजकही त्यांच्यामार्फतच काम करतात. ग्रुप कोण, हा प्रश्नच उरत नाही. कार्यक्रम मी वर लिहिलाय तसाच त्यांना पाठवा. दर माणशी खर्च त्या दहा जणांच्या सहलीहून फार वर जाईल असं मला वाटत नाही, पण दोन ठिकाणांहून दर मागवून बघा. आणि यातलं काहीच जुळलं नाही तर मोठ्या कंपनीबरोबर जा, त्यात कमीपणा मानू नका. त्यांच्या कार्यक्रमात टाकसांग सहाव्या दिवशी आहे, पारोला दोन रात्री आहेत. तुमच्या गुडघ्याच्या दृष्टीनं तो कागद लहान सहलीच्या कागदापेक्षा शहाणपणानं लिहिलेला आहे. फक्त त्या दिवशी बाकीच्यांबरोबर न पळता पहाटे तासभर आधी निघायची परवानगी आधीच मागून ठेवा.

मुलाला निर्णयात घ्या, पण कामापुरतं. पावत्या, विमा, रद्द करण्याच्या अटी हे त्यानं तपासावं. कुणाबरोबर जायचं आणि किती चालायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आणि ते कपाटाच्या दारावरचं कात्रण. ते हळूच सोडवा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि बरोबर न्या. मठाच्या दाराशी फोन, कॅमेरा, पिशवी सगळं ठेवून घेतात. खिशातल्या कागदाला कुणी अडवणार नाही. त्या दिवशी खिसा असलेला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घाला, उघड्या हातापायांनी आत सोडत नाहीत. आणि गुडघ्यानं कॅफेटेरियापाशीच नाही म्हटलं, तर तिथल्या बाहेरच्या बाकावर बसा. मठ अगदी समोर असतो, त्या फोटोत दिसतो तसाच.